डोळा अडखळला तिथे

माणूस घर बदलतो, डॉक्टर बदलतो, वेळ आली तर पक्षही बदलतो. पण प्रोग्रामरला सांगून बघा, की बाबा रे, उद्यापासून दुसऱ्या एडिटरमध्ये काम कर. आमच्या कंपनीत हा विषय निघाला आणि एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं दोन वेगळ्या टेबलांवर जेवायला बसू लागली.

आमची कंपनी म्हणजे कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला असलेली 'आरोह'. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या वस्तूंचे प्रोग्राम आम्ही लिहितो. आधी लिफ्ट, मग बांधकामावरचे उचलपाळणे, आणि अलीकडे रोपवे. मालक दिनकरराव इंगवले, सगळ्यांचे आप्पा, लिफ्टचे फिटर म्हणून या धंद्यात आले. मी हेमांगी शिर्के, प्रोग्राम लिहिणाऱ्या विभागाची प्रमुख. आमच्याकडे कोणता एडिटर राहणार हे ठरवायचं काम आप्पांनी माझ्या गळ्यात घातलं होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम लिहायच्या जागेला आयडीई म्हणतात. आम्ही बोलताना सरळ एडिटर म्हणतो. तो म्हणजे आमचा स्वयंपाकाचा ओटा. लिहिणं, चुका शोधणं, चालवून बघणं, सगळं तिथंच. ओटा बदलला की मिठाचा डबा शोधण्यापासून सुरुवात होते.

यंत्रानं प्रोग्राम लिहिण्याची नवलाई तोवर संपलेली होती. दुकानांचे, हिशेबांचे प्रोग्राम माणूस लिहीतच नव्हता. पण जिथं जीव टांगलेला असतो तिथं नियम कडक होता. ब्रेकचा प्रोग्राम माणसानं बसून लिहिलेला हवा आणि त्याखाली त्याच माणसाची सही हवी. या नियमावर आमची चूल पेटत होती.

आप्पांचा त्यावर स्वतःचा आणखी एक नियम होता. ज्यानं ब्रेकचा प्रोग्राम लिहिला, त्यानं रोपवेच्या पहिल्या फेरीत एकट्यानं बसायचं. "ज्यानं रांधलं त्यानं पहिला घास खायचा," असं ते म्हणत. आजवर कुणी नाही म्हणालं नव्हतं.

भांडण होतं ते 'कट्टा' आणि 'ओघ' या दोन एडिटरांमध्ये. कट्टा आमचा जुना. विचारल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. ओघ नुकताच बाजारात आलेला, आणि तो विकायला पुण्याहून सारंग वैद्य नावाचा हसतमुख मुलगा आला होता. त्यानं सांगितलेली गोष्ट मला आवडली, हे मी मोकळेपणानं मान्य करते.

वाचताना आपला डोळा ओळीवरून घरंगळत जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, तिथून पुढच्यावर जातो. काही खटकलं की मागे येतो, पुन्हा तेच बघतो. त्याच वेळी डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते, कारण मेंदूला जास्त काम पडलेलं असतं. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवी गोष्ट अशी, की 'इथं काहीतरी गडबड आहे' असं आपल्याला जाणवायच्या आत हे सगळं घडून गेलेलं असतं. शंका आधी डोळ्यात येते, मग मनात, आणि तोंडात आलीच तर सगळ्यात शेवटी.

ओघवाल्यांनी स्क्रीनच्या वरच्या कडेला डाळीएवढा कॅमेरा बसवला आणि डोळा आणि मन यांच्यामधल्या त्या फटीत आपलं दुकान थाटलं. डोळा अडखळायचा अवकाश, पुढची ओळ स्क्रीनवर हजर. जगभरच्या प्रोग्रामांवर पोसलेली, नीटनेटकी ओळ. मनाला खटकायच्या आत उत्तर आलेलं असल्यामुळे खटकतच नसे. बसलेल्याला वाटे, आज आपल्याला किती छान सुचतंय. आणि ओळ स्वीकारायचं बटण माणूसच दाबत असल्यामुळे नियमही मोडत नव्हता.

"मॅडम, त्यानं माझं मन कशाला वाचायचं?" इर्शाद मुजावर म्हणाला. इर्शाद म्हणजे कट्ट्याच्या बाजूचा पुढारी, आमचा सगळ्यात अनुभवी माणूस. "मला सोताचंच वाचायला येळ मिळत न्हाई."

"इर्शादभाई, तुम्ही अजून फोनवर नंबर पाठ करून लावता," ऋजुता म्हणाली. "तुमचं मत धरायचं नाही."

ऋजुता पोवार ही ओघच्या बाजूची पुढारी, आमची सगळ्यात नवी प्रोग्रामर, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ऑफिसात ती मला कटाक्षानं मॅडम म्हणे. मीही तिला इतरांपेक्षा चार शब्द जास्तच बोलत असे. तरी आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं कुणी म्हणेल याची मला धास्ती होतीच. म्हणून मी ठरवलं, की मत मागायचं नाही, परीक्षा घ्यायची.

आमच्या हातात तेव्हा गोमजाईच्या डोंगराचा रोपवे होता. दरीवरून देवळापर्यंत जाणारा, वाऱ्यात सापडणारा, अवघड. त्याच्या ब्रेकचा प्रोग्राम इर्शादनं कट्ट्यात लिहायचा आणि ऋजुतानं ओघात. मोटरचा भाग इर्शादनं आधीच लिहिलेला होता; तो दोघांना समान. प्रत्येकानं आपल्या प्रोग्रामच्या चाचण्या आपल्याच एडिटरमध्ये तयार करायच्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. हा नियम माझा. तो घालताना मला मी फार न्यायी वाटले होते.

"जे सरस आसंल ते घ्या," आप्पा म्हणाले. "गोमजाई येळंत झालं तर मागनं आनखी दोन डोंगरांचं काम हाय. आन् जिंकंल त्याची सही."

ऋजुतासाठी ती आयुष्यातली पहिली सही ठरणार होती. तिनं जिंकावं असं मला मनातून वाटत होतं.

तिचा प्रोग्राम दीड आठवड्यात तयार झाला. इर्शादला सव्वा महिना लागला. दोन्ही प्रोग्राम आपापल्या सगळ्या चाचण्यांत उतरले. ऋजुताचा वाचायला इतका स्वच्छ, की मी दोन ठिकाणी मनातल्या मनात दाद दिली. इर्शादचा दणकट, पण त्याच्या मोटारसायकलसारखा, जागोजागी तारेनं बांधलेला. कागदावर निकाल लागलेला होता. उरली होती आप्पांची पहिली फेरी.

*

शनिवारी सकाळी आम्ही गोमजाईच्या पायथ्याच्या स्टेशनवर जमलो. आधी इर्शादचा प्रोग्राम चढवला. इर्शाद पान लावत ट्रॉलीत बसला, वर गेला, मधे दोनदा ब्रेक लावून घेतला, आणि खाली येईपर्यंत वॉकीटॉकीवर कुठल्या क्षणी कुठली ओळ चालली ते आम्हाला ऐकवत राहिला. उतरल्यावर म्हणाला, "वरनं देऊळ लई भारी दिसतंय."

मग ऋजुताचा प्रोग्राम चढवला. ती ट्रॉलीच्या दारापर्यंत गेली. एक पाय आत टाकायला उचलला आणि तसाच खाली ठेवला. आम्हाला वाटलं, चप्पल सारखी करतेय. तिनं पुन्हा पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"चल की," आप्पा म्हणाले.

"मावशी," ती म्हणाली. कामाच्या ठिकाणी ती मला पहिल्यांदाच मावशी म्हणत होती. "मला नाही बसायचं."

"का गं?"

"माहीत नाही."

"उंचीची भीती वाटतेय?"

"नाही." तिचा चेहरा उतरला होता. "खरंच मला माहीत नाही."

सारंग पुढे झाला आणि म्हणाला, मी बसतो, काही हरकत नाही. आप्पांनी त्याला हातानं थांबवलं. मग ते ऋजुताकडे वळले. रागावले नव्हते, पण त्यांचा आवाज कोरडा होता.

"पोरी, एकदम ब्रेक लागत न्हाई, टप्प्याटप्प्यानं लागतो, असं लिवलंयस न्हवं? का ते सांग."

ऋजुता विचार करू लागली. शेवटी म्हणाली, "तसंच आलं."

कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. "लिवणाराच बसत नसंल तर आमी गिऱ्हाइकाला कसं बसवायचं?" एवढं बोलून ते गाडीकडे गेले. सोमवारी सगळ्यांना बसवून निकाल सांगायचा, असं मला जाता जाता बजावलं.

त्या परतीच्या रस्त्यात इर्शाद एक शब्दही टोचून बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

*

रविवारी सकाळीच आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे ऋजुताची आई. "काय केलंस गं पोरीला? कालपासनं धड जेवली न्हाई."

मी गेले. ऋजुता गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला बसली होती. मला बघून तिनं लॅपटॉप मिटला.

"मी राजीनामा लिहिलाय," ती म्हणाली.

"ओघात?"

"हो." ती कसनुशी हसली. "पहिली ओळ माझी. बाकीचा त्यानंच सुचवला. छान लिहिलाय." आणि मग तिला रडू आलं. "मावशी, मी काही लिहीतच नव्हते गं. ते लिहीत होतं आणि मी मान डोलवत होते. आप्पांनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मला यातलं काहीही येत नाही. इतके दिवस मला वाटत होतं, की येतंय."

मला वाईट वाटलं आणि संतापही आला. कुणाचा ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. या मुलीनं बारावीत असताना गिरणीतल्या मोटरला प्रोग्राम लिहून दिलेला मी पाहिला होता. तिला येत होतं. पण तिला येतं हे मी सांगून उपयोग नव्हता. मावशीचं सर्टिफिकेट कुणी भिंतीवर लावत नाही.

"ट्रॉलीत का बसली नाहीस?" मी विचारलं.

"भीती वाटली."

"तू कळसूबाईला दोनदा गेलीयस. साखळी सोडून चढली होतीस, आक्कानं मला महिनाभर ऐकवलंय. भीती कशाची?"

"तेच तर कळत नाहीये."

मी तिथंच कठड्याला टेकले. मला एक कळत होतं. कारण न सांगता येणारी भीती दोनच माणसांना वाटते, भित्र्याला किंवा ज्याला काहीतरी ठाऊक आहे त्याला. ही पोर भित्री नव्हती. मग तिला काहीतरी ठाऊक होतं. ते तिच्या मनात नव्हतं, तोंडात नव्हतं. राहिली एकच जागा.

"ऊठ," मी म्हणाले. "तोंड धू. ऑफिसला जायचंय."

"राजीनाम्याचं?"

"उद्या दे. रविवारी कोण घेतंय?"

वाटेतून मी सारंगला फोन केला. म्हटलं, ओघ डोळा बघतो. कुठं कुठं अडखळला ते साठवून ठेवता का? तो म्हणाला, ठेवतो, ओघला शिकवण्यासाठी. म्हटलं, ऋजुताचं आम्हाला दाखवा.

"मॅडम, आजवर कुणी ते बघायला मागितलं नाही."

"आम्ही मागतोय. तिचा डोळा, तिचाच हक्क."

पोरगा सरळ होता. आम्ही ऑफिसात पोचून चहा होईपर्यंत त्यानं ते उघडून दिलं. स्क्रीनवर ऋजुताचाच प्रोग्राम होता, फक्त जिथं तिचा डोळा मागे फिरला होता तिथं ओळींवर केशरी रंग चढलेला. जितका जास्त अडखळला तितका गडद. बहुतेक पानं कोरी होती. कुठं कुठं फिकट डाग. आणि मधेच आठ ओळींचा एक गठ्ठा असा, की रंगपंचमीला बादली उपडी व्हावी.

"इथं मी इतक्यांदा आले?" ऋजुता म्हणाली. "मला आठवतही नाही."

"वाच."

ती वाचू लागली. दरीच्या मधल्या टॉवरवर वारा मोजायचे दोन पंखे असतात. एकावर भिस्त नको म्हणून दोन. वारा ठरावीक वेगापुढे गेला की रोपवे थांबवायचा. त्या आठ ओळींत लिहिलं होतं, की दोन्ही पंख्यांनी वेगवेगळं माप दिलं तर दोन्हींची सरासरी घ्यावी. नीटनेटकं, समजूतदार, जगात सगळीकडे लिहितात तसं.

ऋजुता पुन्हा पहिल्या ओळीवर आली. या वेळी स्क्रीनवर पुढची ओळ आली नाही, कारण मी सुचवणं बंद करून ठेवलं होतं. ती तशीच बघत राहिली. मी मुद्दाम काही बोलले नाही, आणि न बोलणं मला किती जड जातं हे आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा.

"एक पंखा अडकला तर?" ती हळूच म्हणाली. "गंजला, पाखरानं घरटं केलं, काहीही. तो शून्य दाखवणार. दुसरा खरा वारा दाखवणार. सरासरी निम्मी येणार. म्हणजे बाहेर वादळ असेल, आणि रोपवेला वाटेल नुसती झुळूक आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो चालतच राहील मावशी. भरलेल्या ट्रॉली घेऊन."

"मग काय करायला हवं?"

"सरासरी नाही. जो जास्त वारा सांगतो त्याचं ऐकायचं." हे तिनं पटकन सांगितलं, विचार न करता. "हेच माझ्या डोक्यात येत होतं, मला वाटतं. अर्धवट. तेवढ्यात ओळ आली आणि ती बरोबर दिसली."

"आणि चाचण्यांत का सापडलं नाही?"

"चाचण्याही ओघनंच लिहिल्या. त्यानं दोन्ही पंखे चालू धरले. थोडा फरक ठेवला, इतकंच." ती खुर्चीत मागे रेलली. "परीक्षार्थ्यानंच पेपर काढला."

आणि ते करायला मीच सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटण्यापेक्षा तिचा अभिमान जास्त वाटत होता, आणि मी तो लपवला नाही.

"तुला येत होतं, ऋजू," मी म्हणाले. "तुझ्या डोळ्याला बरोबर कळलं होतं. ते मनाला पोचायच्या आत ओघनं त्याला गप्प केलं. काल ट्रॉलीच्या दारात त्याला गप्प करायला कुणी नव्हतं, म्हणून पाय उचलेना."

तिनं त्या केशरी डागावरून नजर काढली. मग म्हणाली, "इर्शादभाईंचं बघूया?"

आम्ही इर्शादचा प्रोग्राम उघडला. तारेनं बांधलेल्या सगळ्या गाठी ओलांडत वाऱ्याच्या जागेवर आलो. तिथंही सरासरीच होती.

*

सोमवारी सगळे जमायच्या आधी मी इर्शादला ओघच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि त्याचाच प्रोग्राम पहिल्यापासून वाचायला सांगितला. त्यानं वाचला. स्क्रीनवर एकही डाग नाही. वाऱ्याच्या ओळींवरून त्याचा डोळा घराच्या जिन्यावरून उतरावा तसा उतरला.

"सगळेच असं लिवतात, मॅडम," मी दाखवल्यावर तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पांढराफटक पडला. "मी बसलो की ओ त्यात. पान खाऊन."

मग मी बसले. वाऱ्याच्या ओळी ठाऊक नसल्यासारख्या वाचणं आता शक्य नव्हतं, म्हणून मी मोटरच्या भागाची पानं घेतली, जी मी आदल्या आठवड्यातच तपासून पास केली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरी. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्या डोळ्याला कुठंच काही विचारावंसं वाटत नाही, हे मला त्या कोऱ्या पानांनी सांगितलं. अनुभव म्हणजे काय, तर अडखळणं संपणं. आजवर मी त्याचाच पगार घेत आले होते.

आप्पा येऊन बसले. सारंगही आला होता. मी झालेलं सगळं सांगितलं.

"म्हंजे दोन्ही नापास?" आप्पा म्हणाले.

"दोन्ही. आणि परीक्षा घेणारीही."

"मग घ्यायचं काय?"

"ओघ घ्यायचा. पण उलटा करून."

सारंगनं मान वर केली.

"आज डोळा अडखळला की तो बोलतो," मी म्हणाले. "ब्रेकच्या कामात त्यानं तोंड मिटायचं. ओळ सुचवायची नाही, रंग लावायचा. आणि रंग लागलेली जागा दुसऱ्या माणसाला समजावून सांगितल्याशिवाय सही नाही. शिवाय प्रत्येक प्रोग्राम आमच्यातल्या सगळ्यात नव्या माणसाला वाचायला द्यायचा, कॅमेऱ्यासमोर. आम्हा जुन्यांचे डोळे गुळगुळीत झालेत. चाचण्या ज्यानं लिहिलं त्यानं करायच्या नाहीत."

"मॅडम, मग वेग जाईल," सारंग म्हणाला. "लोक वेगासाठीच तर घेतात."

"जगात आजवर शंका दाखवणारं यंत्र झालं नाही, आणि तुम्ही ते बनवून उलटं बसवलंय. सरळ करून द्या, आम्ही घेतो. नाही जमलं तर कट्टा आहे, त्याला शंका पडत नाही आणि आम्हालाही पडत नाही."

तो हसला. म्हणाला, बटण फिरवण्याइतकंच काम आहे, वरच्यांना विचारतो.

आप्पा बोटानं टेबलावर ठोकत बसले होते. त्यांना उशीर दिसत होता, मागचे दोन डोंगर दिसत होते. शेवटी त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "तवा बसली न्हाईस ते बरं केलंस," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी सांगतो. शिव्या मी खातो." मग ते माझ्याकडे वळले. "सही कुनाची, बाई?"

"ऋजुताची. त्या आठ ओळी ती स्वतः लिहील."

"मी अजून राजीनाम्याचं ठरवलं नाहीये," ऋजुता म्हणाली.

"आधी लिही," इर्शाद म्हणाला. "मग दे की. मी सोता पोचवून येतो."

*

वैशाखात गोमजाईवर दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात पत्रे उडतात. आम्ही मुद्दाम तोच दिवस धरला. टॉवरवरचा एक पंखा सदाशिवनं, आमच्या मेकॅनिकनं, सकाळीच दोरीनं करकचून बांधून ठेवला होता. ऋजुतानं लिहिलेलं खरं असेल तर वारा चढला की बांधलेल्या पंख्याचं न ऐकता रोपवे थांबायला हवा होता. नसेल तर तो चालत राहणार होता, आणि आम्ही त्यात असणार होतो. नियमाप्रमाणे तिनं एकटीनं बसायचं. मी आप्पांना म्हटलं, हा प्रोग्राम मी पास केलाय, मीही बसणार.

ऋजुता दारात अडली नाही. आत गेली, बाकावर बसली आणि माझ्यासाठी जागा केली.

आम्ही निघालो. पायथा खाली खाली जाऊ लागला. दरीच्या तोंडाशी आलो तसा वारा ट्रॉलीला कुशीवर दाबू लागला. मी कडीला घट्ट धरलं. स्पष्टच सांगते, मला भीती वाटत होती, आणि वाटतेय याचं बरंही वाटत होतं. ऋजुता काचेतून टॉवरवरच्या दोन पंख्यांकडे बघत होती. एक निश्चल, दुसरा नुसता भिरभिरता.

एक झोत आला, ट्रॉली कलली, आणि ब्रेक लागला. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. आधी वेग निम्मा, मग पाव, मग आम्ही दरीवर लोंबकळत थांबलो.

"एकदम लागला असता तर ट्रॉली झोका खाऊन दोराला धडकली असती," ऋजुता म्हणाली. "त्या शनिवारी मला सांगता आलं नव्हतं."

खालून वॉकीटॉकीवर आरडाओरडा ऐकू आला. आप्पांचा आवाज, सारंगचा आवाज, आणि मग इर्शाद. "झ्याक थांबली, मॅडम. आता सदाला टॉवरवर चढवतो, पंख्याची दोरी सोडायला. तो चढायलाच लागलाय."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. ऋजुतानं माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतली.

"इर्शादभाई, त्याला थांबवा. खाली उतरू द्या."

"का गं?"

"वारा पडला की मोटर आपोआप सुरू होते, की कुणीतरी बटण दाबल्यावर? सदाशिवमामा वर दोराच्या चाकांपाशी असताना वारा पडला तर?"

मोटरचा भाग इर्शादनं लिहिलेला होता, मी तो पास केलेला होता, आणि उत्तर मला येत नव्हतं. टॉवरच्या शिडीवर सदाशिवचा निळा सदरा थांबला, आणि मग एक एक पायरी खाली उतरू लागला.

"बघून सांगतो," इर्शाद म्हणाला.

"बघून सांगा," ऋजुता म्हणाली, आणि बाकावर मागे रेलून बसली. "आम्ही आहोत इथं."